जनगणनेच्या फॉर्मवर 'मी युगोस्लाव्ह' असं लिहिणाऱ्या १२ लाख लोकांचं पुढं काय झालं?

२०२३ ची फ्रेंच ओपन. पहिल्या फेरीची मॅच जिंकल्यावर नोव्हाक जोकोविच टीव्ही कॅमेऱ्यापाशी गेला आणि मार्करनं काचेवर लिहून आला, 'कोसोव्हो हे सर्बियाचं हृदय आहे, हिंसा थांबवा.' झालं, टेनिस राहिलं बाजूला आणि वाद सुरू.

त्याच्या पाच वर्षं आधी फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये असंच काहीतरी घडलं होतं. स्वित्झर्लंडनं सर्बियाला २-१ असं हरवलं. दोन्ही गोल करणारे ग्रानित झाका आणि झेर्दान शाकिरी यांनी गोल मारल्यावर हाताचे पंजे एकमेकांत अडकवून गरुड करून दाखवला. अल्बानियाच्या झेंड्यावर असतो तो, दोन डोक्यांचा. फिफानं दोघांना दंड ठोकला. आता खेळाडू स्वित्झर्लंडचे, भांडण सर्बियाशी आणि गरुड अल्बानियाचा. रात्री जागून मॅच बघणाऱ्या आपल्यासारख्यांनी समजायचं तरी काय?

तर शाकिरीचा जन्म कोसोव्होतला, १९९१ चा. झाकाचं घराणंही तिथलंच. जोकोविच बेलग्रेडचा, १९८७ चा. क्रोएशियाचा लुका मॉड्रिच १९८५ चा आणि बोस्नियाचा एदिन झेको १९८६ चा. पुढं हे वेगवेगळ्या झेंड्यांखाली खेळले, पण शाकिरी, जोकोविच, मॉड्रिच आणि झेको जन्मले तेव्हा चौघांचा देश एकच होता. युगोस्लाव्हिया.

शाळेच्या पुस्तकात अलिप्ततावादी चळवळीच्या धड्यात नेहरू, नासेर आणि टिटो असा फोटो असायचा बघा. त्यातल्या टिटोंचा हा देश. १९६१ ला अलिप्त राष्ट्रांची पहिली शिखर परिषद भरली ती याच देशाच्या राजधानीत, बेलग्रेडमध्ये.

या देशाबद्दल एक वाक्य तिथं सगळ्यांना पाठ असायचं. सहा प्रजासत्ताकं, पाच राष्ट्रं, चार भाषा, तीन धर्म, दोन लिप्या आणि एक टिटो. ऐकायला मजा वाटते, पण यातला प्रत्येक आकडा म्हणजे सरकारनं ठरवलेली गोष्ट होती. कोणाला 'राष्ट्र' म्हणायचं, कोणाला नाही, कोणाला स्वतःचं राज्य द्यायचं, कोणाला नाही. कम्युनिस्ट पक्षानं कागदावर केलेल्या या वर्गवारीवर पुढं लाखो माणसांचं भवितव्य ठरलं.

आधी हे का करावं लागलं ते बघू

युगोस्लाव्हिया म्हणजे दक्षिणेकडच्या स्लाव्ह लोकांचा देश. पहिल्या महायुद्धानंतर १९१८ ला तो तयार झाला तेव्हा राजा सर्बियाचा होता. 'तुम्ही सगळे एकच' असं वरून सांगितलं जायचं, पण खाली क्रोएट लोकांना वाटायचं की एकीच्या नावाखाली सर्ब लोकांचंच राज्य चाललंय.

१९४१ ला हिटलर आणि त्याच्या मित्रांनी देश फोडला. क्रोएशियात उस्ताशा नावाच्या फॅसिस्टांच्या हाती सत्ता आली. त्यांनी सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांना छळछावण्यांत घालून मारलं. सर्ब राष्ट्रवादी चेतनिकांनी मुस्लिमांची आणि क्रोएटांची गावं कापली. जर्मन आणि इटालियन होतेच. चार वर्षांत या देशातली दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, आणि त्यातली मोठी संख्या शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारलेल्यांची होती.

या सगळ्यात एकच फौज अशी होती जिच्यात सगळ्या जमातींची पोरं होती, ती म्हणजे टिटोंचे पार्टिझन. स्वतः टिटोंचे वडील क्रोएट, आई स्लोव्हेन. २९ नोव्हेंबर १९४३ ला बोस्नियातल्या यायत्से गावात पार्टिझनांची बैठक झाली आणि ठरलं की युद्धानंतरचा देश संघराज्य असेल. त्यात कुणी थोरला भाऊ नसेल. घोषणा होती 'बंधुत्व आणि एकता'. पुढं बेलग्रेड ते झाग्रेब हा हायवे तरुणांच्या तुकड्यांनी बांधला, त्यालाही हेच नाव दिलं.

(हे बंधुत्व सगळ्यांसाठी नव्हतं, हेही सांगायला पाहिजे. युद्धाआधी या देशात जवळपास पाच लाख जर्मन भाषिक राहायचे. १९४८ च्या जनगणनेत ५५ हजारांच्या आसपास उरले. बाकीचे पळाले, हाकलले गेले किंवा छावण्यांत मेले.)

नवीन देशाची चौकट सोव्हिएत युनियनवरून उचलली होती. स्टालिनचं म्हणणं असायचं की राष्ट्रवाद दाबून मरत नाही. प्रत्येक राष्ट्राला त्याची भाषा, त्याची शाळा, त्याचं राज्य द्या, आतला मजकूर मात्र समाजवादाचा ठेवा, मग हळूहळू राष्ट्रं आपोआप मावळतील. १९४८ ला टिटोंचं स्टालिनशी वाजलं, दोघांचे रस्ते वेगळे झाले, पण ही चौकट टिटोंनी सोडली नाही.

फरक एका गोष्टीत होता. सोव्हिएत युनियनमध्ये तुमचं राष्ट्रीयत्व पासपोर्टवर छापलेलं असायचं आणि ते आईबापांकडून यायचं. युगोस्लाव्हियात जनगणनेला माणूस दारात आला की तुम्ही सांगाल ते लिहायचं. म्हणजे तत्त्वतः तुम्हाला निवड होती. पण कोणत्या पर्यायांतून निवडायचं, हे मात्र पक्ष ठरवायचा.

पाच मशाली, सहा राज्यं

युगोस्लाव्हियाच्या राजचिन्हात पाच मशाली होत्या, सगळ्यांची मिळून एकच ज्योत. पाच मशाली म्हणजे पाच राष्ट्रं. सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन, मॅसेडोनियन आणि माँटेनेग्रिन.

पण प्रजासत्ताकं होती सहा. सहावं बोस्निया-हर्झगोविना. तिथं सर्ब होते, क्रोएट होते आणि मुस्लिम होते. पाच-सहाशे वर्षांपूर्वी ऑटोमन तुर्क आले, तेव्हापासून तिथल्या अनेक स्लाव्ह लोकांनी इस्लाम स्वीकारला होता. भाषा तीच, आडनावंही बरीचशी तशीच, फक्त धर्म वेगळा. पक्षाला प्रश्न पडला की यांना कोणत्या खान्यात टाकायचं?

१९४८ च्या जनगणनेत त्यांना पर्याय दिला. 'सर्ब-मुस्लिम' लिहा, 'क्रोएट-मुस्लिम' लिहा किंवा 'अनिश्चित मुस्लिम' लिहा. पक्षाची अपेक्षा अशी की शिक्षण वाढेल तसे लोक सर्ब नाहीतर क्रोएट व्हायला लागतील. बोस्नियात ७२ हजार जणांनी सर्ब लिहिलं, २५ हजारांनी क्रोएट आणि तब्बल ७ लाख ८८ हजार लोकांनी 'अनिश्चित'. एखाद्या समाजानं इतक्या एकमतानं 'आमचं अजून ठरलेलं नाही' असं सांगावं, यातच त्यांचं किती पक्कं ठरलंय हे कळतं.

१९५३ ला मुस्लिम हा शब्दच काढला आणि नवीन खाना आणला, 'युगोस्लाव्ह, अनिश्चित'. बोस्नियात जवळपास ८ लाख ९२ हजार लोक त्यात जाऊन बसले. १९६१ ला 'वांशिक अर्थानं मुस्लिम'. शेवटी १९६८ ला बोस्नियाच्या कम्युनिस्ट पक्षानं मान्य केलं की मुस्लिम हे एक वेगळं राष्ट्र आहे, आणि १९७१ च्या जनगणनेत 'राष्ट्र या अर्थानं मुस्लिम' असा खाना आला. देशभरात १७ लाख ३० हजार लोकांनी तो निवडला. बोस्नियात ते सगळ्यात मोठा गट झाले.

इथं एक गंमत आहे, ती देवनागरीत सांगणं जरा अवघड आहे. त्यांच्या भाषेत राष्ट्राचं नाव मोठ्या अक्षरानं सुरू होतं आणि धर्माच्या अनुयायाचं छोट्या अक्षरानं. म्हणजे मोठ्या 'एम'चा मुस्लिम हे राष्ट्र आणि छोट्या 'एम'चा मुस्लिम म्हणजे इस्लाम मानणारा. आता कम्युनिस्ट पक्षाचा एखादा पक्का नास्तिक कार्यकर्ता मोठ्या एमचा मुस्लिम असायचा, पण छोट्या एमचा अजिबात नसायचा. कोसोव्होतला नमाज पढणारा अल्बानियन छोट्या एमचा मुस्लिम, पण मोठ्या एमचा नाही. धर्माला अफू म्हणणाऱ्या पक्षानं धर्माच्या नावावर एक राष्ट्र अधिकृत केलं होतं.

हे सगळ्यांना पटलं असंही नाही. सर्बियन लेखक दोब्रित्सा चोसिच यांनी १९६८ ला पक्षाच्या बैठकीतच विरोध केला आणि त्यांना पक्षाच्या वरच्या वर्तुळातून बाहेर पडावं लागलं. दुसरीकडं मेशा सेलिमोविच हे मोठे कादंबरीकार तुझला गावच्या मुस्लिम घरातले, पण त्यांनी १९७६ ला सर्बियाच्या विज्ञान अकादमीला पत्रच दिलं की मी सर्बियन साहित्यातला लेखक आहे. आणि तिसरीकडं जेमाल बियेदिच हे बोस्नियन मुस्लिम १९७१ ला थेट युगोस्लाव्हियाचे पंतप्रधान झाले. एकाच समाजातल्या माणसांचे हे इतके वेगवेगळे रस्ते.

माझं मत विचाराल तर मुस्लिमांना मान्यता देणं हा टिटोंच्या काळातला बरा निर्णय होता. तीस वर्षं 'तुम्ही कुणीतरी दुसरे आहात' असं ऐकणाऱ्यांना पहिल्यांदा स्वतःचं नाव मिळालं. फक्त ते नाव देताना एक गोष्ट पक्की झाली. बोस्नियात राहणारा प्रत्येक जण आता तीनपैकी एका खान्यात बसवला गेला. नुसता 'बोस्नियन' असा खाना नव्हता.

राजचिन्हात मात्र १९६३ लाच सहावी मशाल आली होती. तोपर्यंत मशाली राष्ट्रांच्या होत्या, तिथून पुढं त्या प्रजासत्ताकांच्या झाल्या.

५.७९ लाखांना राज्य, १७.३ लाखांना प्रांत

आता कोसोव्होचं गणित बघा. युगोस्लाव्हियाच्या कायद्यात दोन शब्द होते, नारोद आणि नारोदनोस्त. नारोद म्हणजे राष्ट्र, ज्याचं घर युगोस्लाव्हियातच आहे. नारोदनोस्त म्हणजे ज्यांचा मूळ देश बाहेर आहे असा समाज. हंगेरियन, तुर्क आणि सगळ्यात मोठे म्हणजे अल्बानियन. नारोदला स्वतःचं प्रजासत्ताक मिळायचं. नारोदनोस्तला भाषा, शाळा, वर्तमानपत्र सगळं मिळायचं, पण प्रजासत्ताक नाही. फार तर सर्बियाच्या आत एक स्वायत्त प्रांत.

१९८१ च्या जनगणनेत माँटेनेग्रिन होते ५ लाख ७९ हजार. त्यांना प्रजासत्ताक होतं. अल्बानियन होते १७ लाख ३० हजार. त्यांना नव्हतं.

एवढा हट्ट कशासाठी? कारण राज्यघटनेत राष्ट्रांना स्वयंनिर्णयाचा, अगदी फुटून निघण्याचाही हक्क लिहिलेला होता. उद्या कोसोव्होला प्रजासत्ताक केलं आणि ते उठून शेजारच्या अल्बानियात गेलं तर, ही भीती होती.

कोसोव्होत तर काही काळ कोण काय लिहितो यावर कोण कुठं राहतो हेही ठरत होतं. १९४८ ला युगोस्लाव्हियात तुर्क होते ९८ हजार. पाचच वर्षांत, १९५३ ला, ते २ लाख ६० हजार झाले. एवढी पोरं पाच वर्षांत कुठून आणणार? झालं असं की 'तुर्क' लिहिलं तर तुर्कस्तानात स्थलांतर करायची वाट मोकळी होत होती आणि इकडं गृहखात्याच्या पोलिसांचा अल्बानियन लोकांवर जाच चालू होता. मग कितीतरी अल्बानियन मुस्लिम एका रात्रीत कागदावर तुर्क झाले आणि निघून गेले. त्या पोलिसांचा कर्ताधर्ता अलेक्सांदर रांकोविच याला टिटोंनी १९६६ ला काढलं, तेव्हा कुठं कोसोव्होतले अल्बानियन श्वास घ्यायला लागले. प्रिश्टिनात अल्बानियन भाषेतलं विद्यापीठ उभं राहिलं. १९७४ च्या घटनेनं कोसोव्हो आणि व्होयव्होदिना या दोन प्रांतांना प्रजासत्ताकांच्या जवळपास बरोबरीचे हक्क दिले, देशाच्या सामूहिक अध्यक्षमंडळात जागासुद्धा. फक्त नाव नाही दिलं.

'किल्ली'चं राजकारण

बाकी कारभार कसा चालायचा हे थोडक्यात. पदं वाटायला एक पद्धत होती, तिला म्हणायचे 'क्ल्यूच', म्हणजे किल्ली. मंत्री सर्ब असेल तर उपमंत्री क्रोएट, कारखान्याचा डायरेक्टर मुस्लिम असेल तर पक्षाचा सेक्रेटरी सर्ब. नोटांवर वेगवेगळ्या भाषा आणि दोन्ही लिप्या. श्रीमंत स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाकडून पैसे घेऊन ते कोसोव्हो, मॅसेडोनिया, बोस्नियाला द्यायचे. देणाऱ्यांना वाटायचं आपले पैसे वाया चाललेत, घेणाऱ्यांना वाटायचं आपल्याला तुकडे टाकतात, आणि दरी काही कमी झाली नाही.

शिक्षासुद्धा किल्लीनंच. १९७१ ला क्रोएशियात भाषा आणि पैशांच्या मुद्द्यावर मोठं आंदोलन पेटलं, तेव्हा टिटोंनी तिथलं पक्षाचं अख्खं नेतृत्व घरी बसवलं. पण फक्त क्रोएटांना मारलं असं दिसायला नको म्हणून पुढच्या वर्षी सर्बियाच्या उदारमतवादी नेत्यांनाही काढलं. त्यांचा गुन्हा तसा काही नव्हताच. दोन्हीकडची मवाळ, शिकलेली पिढी अशी एका दमात बाहेर गेली. जागा भरल्या त्या होयबांनी. १९७२ ला तुरुंगात टाकलेले फ्रान्यो तुजमन पुढं स्वतंत्र क्रोएशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, आणि १९८३ ला तुरुंगात टाकलेले अलिया इझेतबेगोविच बोस्नियाचे.

आणि 'युगोस्लाव्ह' कोण?

आता मूळ प्रश्नावर येऊ. आई सर्ब, बाप क्रोएट, घर सारायेव्होत, बायको मुस्लिम. अशा माणसानं काय लिहायचं? शहरांत अशी लग्नं सर्रास व्हायची. यातले बरेच जण सरळ 'युगोस्लाव्ह' लिहायचे.

१९७१ ला असं लिहिणारे २ लाख ७३ हजार होते. मे १९८० ला टिटो गेले आणि १९८१ च्या जनगणनेत हा आकडा एकदम १२ लाख १९ हजारांवर गेला. दर शंभरात पाचच्या वर. ही मंडळी प्रामुख्यानं तरुण, शहरी, मिश्र घरांतली. काही जण पक्षातले. काहींना आपल्या गावात अल्पसंख्य म्हणून उघडं पडायचं नव्हतं. कारणं वेगवेगळी होती, पण 'मला या खान्यांत बसवू नका' हे सगळ्यांचं म्हणणं सारखं.

कोणत्याही सरकारला आनंद व्हायला पाहिजे ना? आपल्या देशाचं नाव लोक स्वतःहून लावतायत. पण नाही. युगोस्लाव्हिया नावाच्या देशात युगोस्लाव्ह हे राष्ट्र म्हणून मान्यच नव्हतं. ते ना नारोद, ना नारोदनोस्त. पक्षातल्या सिद्धांतवाल्यांना यात जुन्या राजाच्या काळातल्या जबरदस्तीच्या एकीचा वास यायचा. त्यांना वाटायचं, एकीच्या नावाखाली पुन्हा सर्ब लोक डोक्यावर बसतील. ही भीती अगदीच खोटी नव्हती. पण परिणाम असा झाला की सगळी व्यवस्था राष्ट्रांच्या नावानं बांधलेली आणि या १२ लाखांना त्यात कुठंच जागा नाही. किल्लीत त्यांचा वाटा नाही, त्यांचं प्रजासत्ताक नाही, त्यांच्यासाठी बोलणारा नेता नाही.

मग सगळं फाटलं

टिटो गेल्यावर वर्षभरातच, ११ मार्च १९८१ ला, प्रिश्टिना विद्यापीठातली पोरं मेसच्या जेवणावरून रस्त्यावर आली. बघता बघता घोषणा झाली, 'कोसोव्हो प्रजासत्ताक'. लष्कर बोलवावं लागलं. तिकडं कर्ज आणि महागाईनं देश बेजार झाला. सर्बियात स्लोबोदान मिलोशेविच कोसोव्होतल्या सर्बांच्या तक्रारींवर स्वार होऊन वर आला आणि १९८९ ला त्यानं कोसोव्होची स्वायत्तता काढून घेतली. १९९० ला बोस्नियात पहिल्यांदा खुली निवडणूक झाली, तर तीन राष्ट्रांचे तीन पक्ष जिंकले. मतांचा निकाल आणि जनगणनेचा तक्ता शेजारी ठेवले तर एकाची झेरॉक्स दुसऱ्यासारखी.

२५ जून १९९१ ला स्लोव्हेनिया आणि क्रोएशियानं स्वातंत्र्य जाहीर केलं. युरोपीय देशांनी न्यायाधीशांचा एक आयोग नेमला, बादांतेर आयोग. त्यानं सांगितलं की प्रजासत्ताकांच्या आतल्या सीमा याच आता देशांच्या सीमा. म्हणजे ज्यांना 'प्रजासत्ताक' हा शब्द मिळाला होता ते देश होऊ शकत होते. कोसोव्होला तो शब्द मिळाला नव्हता. माँटेनेग्रो २००६ ला सार्वमत घेऊन शांतपणे वेगळा झाला. कोसोव्होला मात्र १९९८-९९ चं युद्ध, नाटोचे ७८ दिवसांचे हवाई हल्ले आणि २००८ ची एकतर्फी घोषणा या रस्त्यानं जावं लागलं. आजही कितीतरी देश त्याला मान्यता देत नाहीत, भारतसुद्धा त्यात आहे. जोकोविचचा मार्कर आणि शाकिरीचा गरुड इथून येतात.

स्लोव्हेनियातली गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. युगोस्लाव्हियात प्रत्येकाला देशाचं नागरिकत्व होतंच, शिवाय एका प्रजासत्ताकाचंही होतं. रोजच्या आयुष्यात त्या दुसऱ्या नोंदीला कुणी विचारत नव्हतं. बोस्नियातून स्लोव्हेनियात कामाला आलेला मजूर तिथंच घर करायचा, पोरं तिथल्याच शाळेत. स्वतंत्र झाल्यावर स्लोव्हेनियानं अशा लोकांना नागरिकत्वासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. ज्यांचा अर्ज आला नाही किंवा नाकारला गेला, त्यांची नावं २६ फेब्रुवारी १९९२ ला रहिवाशांच्या नोंदवहीतून गुपचूप काढून टाकली. एकूण २५,६७१ माणसं. त्यांना नोटीसही गेली नाही. कुणाला पेन्शन बंद झाल्यावर कळलं, कुणाला ऑफिसात कागद करायला गेल्यावर. स्लोव्हेनियात यांना 'पुसलेले लोक' म्हणतात. २०१२ ला युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं स्लोव्हेनियाला दोषी धरलं आणि राष्ट्राध्यक्षांनी माफी मागायला २०२२ उजाडलं.

सगळ्यात वाईट झालं ते बोस्नियाचं. १९९१ च्या जनगणनेत तिथं ४३.५ टक्के मुस्लिम होते, ३१.२ टक्के सर्ब, १७.४ टक्के क्रोएट. आणि ५.५ टक्के, म्हणजे २ लाख ४२ हजार, युगोस्लाव्ह. वर्षभरात युद्ध सुरू झालं. तेव्हा चेकनाक्यावर बंदूकवाला नाव विचारायचा आणि नावावरून खाना ठरवायचा. फॉर्मवर तुम्ही काय लिहिलं होतं याला काही किंमत नव्हती. साडेतीन वर्षांत एक लाखाच्या आसपास माणसं मेली. जुलै १९९५ ला एकट्या स्रेब्रेनित्सामध्ये आठ हजारांहून जास्त मुस्लिम पुरुष आणि पोरं मारली गेली. मधल्या काळात, १९९३ ला, मोठ्या एमच्या मुस्लिमांनी आपलं नाव बदलून 'बोस्नियाक' केलं.

१९९५ च्या डेटन करारानं युद्ध थांबलं. या करारातच बोस्नियाची राज्यघटना आहे. तिच्यात लिहिलंय की देश घडवणारे तीन समाज आहेत, बोस्नियाक, क्रोएट आणि सर्ब, 'इतरांसह'. राष्ट्राध्यक्ष एक नाही, तीन. एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. टिटोंची किल्ली गेली नाही, उलट आणखी कडक होऊन बसली. फरक इतकाच की वर 'बंधुत्व आणि एकता' म्हणणारा पक्ष आता नाही. काही गावांत एकाच शाळेच्या इमारतीत बोस्नियाक आणि क्रोएट पोरं वेगळ्या दारानं जातात आणि वेगळा इतिहास शिकतात.

मग त्या १२ लाखांचं काय? बरेच परदेशात गेले. बरेच जण मुकाट्यानं एखाद्या खान्यात जाऊन बसले. सर्बियाच्या २०२२ च्या जनगणनेत अजूनही २७ हजारांहून जास्त लोकांनी 'युगोस्लाव्ह' लिहिलं, आणि हा आकडा २०११ पेक्षा वाढलेला आहे. देश जाऊन तीस वर्षं झाल्यावर.

बोस्नियात मात्र असं लिहिणारा माणूस 'इतर' मध्ये मोजला जातो. २०१३ च्या जनगणनेत सगळे 'इतर' मिळून पावणेतीन टक्के भरले. राष्ट्राध्यक्षपद तिघांत वाटलेलं असल्यामुळं या इतरांना त्यासाठी उभंच राहता येत नाही. रोमा समाजाचे देर्वो सेयदिच आणि ज्यू समाजाचे याकोब फिन्सी हे दोघं याविरुद्ध मानवाधिकार न्यायालयात गेले आणि डिसेंबर २००९ मध्ये जिंकले. निकालाला पंधरा वर्षं उलटून गेली तरी घटनेतला नियम आहे तसाच आहे. फिन्सी १९४३ ला इटालियन छळछावणीत जन्मलेले. खटला चालू होता तेव्हा ते स्वित्झर्लंडमध्ये बोस्नियाचे राजदूत म्हणून काम करत होते.